रिव्हरवर खोटं कधी बोलावं

चिल्लरच्या टेबलावर थाप मारू नये, हे मला दादानं शिकवलं. मोबाईलवरचा पोकर तेव्हा आमच्या हातात आला नव्हता. आम्ही दोघं भाऊ लिफ्टचे मेकॅनिक, एकाच कंपनीत, एकाच जोडीत. दुपारी गच्चीवरच्या मशीनरूममध्ये डबे संपले की दादा खिशातून पत्ते काढायचा, इमारतीचा वॉचमन येऊन बसायचा, आणि आम्ही पैशांच्या जागी वॉशर लावून खेळायचो. दोन पानं ज्याच्या त्याच्या हातात, पाच पानं मध्ये सगळ्यांसाठी. त्या पाचातलं शेवटचं पान म्हणजे रिव्हर. ते उलटलं की आशा करायला काही उरत नाही. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे आहे. ज्याच्याकडे नाही त्यानं मुकाट पानं टाकावीत, नाहीतर खोटं बोलावं.

"खोटं बोलायला माझी ना नाही," दादा म्हणायचा, "पण समोर कोण बसलंय ते आधी बघ. हा आपला वॉचमन. ह्याच्याकडे नुसती जोडी आली तरी हा शेवटपर्यंत बघणार. तू कितीही वॉशर सरकव, ह्याला तुझी गोष्ट ऐकूच येत नाही. जो ऐकतो त्यालाच फसवता येतं."

वॉचमन यावर खूश होऊन हसायचा. त्याला ते कौतुक वाटायचं.

"आणि गोष्ट पहिल्या पानापासून एकच पाहिजे," दादा पुढं सांगायचा. "चार पानं गप्प बसलास आणि शेवटच्याला एकदम अंगात आलं, तर शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. आणि हातात थोडं जरी काही असेल ना, तर थाप मारू नकोस. दाखवून जिंकता येतं तिथं खोटं कशाला? हात पार रिकामा असेल तेव्हाच."

मी हे सगळं नीट ऐकलं. शिकलेलं वाया जात नाही असं म्हणतात, पण मी ते जिथं वापरलं तिथं ते वाया गेलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या धंद्यात एक लाल तार असते, तिच्याबद्दल सांगायला हवं. लिफ्टचं दार पूर्ण लागलं नाही तर लिफ्ट हलत नाही. दुरुस्ती करताना मात्र कधीकधी दार उघडं ठेवूनच ती हलवावी लागते. तेव्हा पॅनेलमध्ये ही तार लावायची, म्हणजे दार लागलंय असं लिफ्टला वाटतं. थोडक्यात, लिफ्टला मारलेली थाप. काम झालं की तार काढलीच पाहिजे, म्हणून ती मुद्दाम हातभर लांब आणि लालभडक असते. प्रत्येकाच्या पाऊचमध्ये चार तारा, टोकाला ज्याच्या त्याच्या रंगाची चिकटपट्टी. दादाची हिरवी, माझी पांढरी. निघताना मोजायच्या, चार भरल्या की सीनियरनं तक्त्यावर सही करायची, मग लिफ्ट चालू.

सहा वर्षांपूर्वी एका सहा मजली ऑफिसच्या इमारतीत आम्ही दिवसभर काम केलं. माझ्या बायकोला सातवा महिना होता आणि संध्याकाळी सहाला आम्हाला भाड्याचं एक घर बघायला जायचं होतं. मी गच्चीवरून पळतच खाली आलो. दादा गेटपाशी तक्ता घेऊन उभा होता.

"मोजल्यास?"

"चार," मी म्हणालो.

दादानं सही केली. मी पाऊच उघडलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला झाडलोट करणाऱ्या मावशींनी तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट बोलावली. बादली आत ठेवली, एक पाय आत टाकला, आणि दार सताड उघडं असताना लिफ्ट वर निघाली. डावा घोटा चिरडला. जीव वाचला एवढंच.

दादाचं घर जवळ. तो माझ्या आधी पोचला. मी गच्चीवर गेलो तेव्हा तो मशीनरूममध्ये उघड्या पॅनेलसमोर एकटा उभा होता. लाल तार जागच्या जागी होती. "हात लावू नकोस," एवढंच तो म्हणाला. मी लांबून पाहिलं. तारेच्या टोकाला पट्टी नव्हती. पॅनेल गरम होतं, चिकटपट्ट्या सुटतात, कुठंतरी पडली असेल असं मी धरून चाललो. देवच पावला असं मला त्या क्षणी वाटलं, आणि खाली मावशींना स्ट्रेचरवर घालत होते. हे मी आता लपवत नाही.

माझ्या पाऊचमध्ये तीनच तारा निघाल्या. मी कंपनीच्या गाडीतल्या रिळातून हातभर लाल तार कापली, टोकाला पांढरी पट्टी गुंडाळली आणि चार केल्या.

चौकशी एका लांबट खोलीत झाली. टेबलामागं तिघं, मध्ये पाण्याचा जग. माझ्या तारा मोजल्या, चार. दादाच्या मोजल्या, चार. पाचवी बिनपट्टीची तार टेबलावर पडलेली. मला विचारलं, "तुम्ही आपल्या सगळ्या तारा काढल्या होत्या?"

"हो," मी म्हणालो.

मग दादाला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. दादानं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. "नाही," तो म्हणाला. तार कुणाची ते ठरत नव्हतं, पण सही कुणाची ते तक्त्यावर दिसत होतं. त्याचा परवाना रद्द झाला. खोलीबाहेर आल्यावर त्यानं मला घरी सोडलं, गाडीची किल्ली माझ्या हातात दिली, आणि त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

त्याला संशय आहे हे मला कळत होतं. पण संशय निराळा आणि खात्री निराळी. माझी गोष्ट पहिल्या पानापासून एकच होती: गेटपाशी चार, पाऊचमध्ये चार, जबाबात चार. दादाला खात्री असती तर तो बोलला असता, कुणीही बोललं असतं, असं मी स्वतःला समजावलं. पुढं त्याच्या जागेवर कंपनीनं मला सीनियर केलं. मुलगी झाली. ती आता पहिलीत आहे.

दादा एका बहुमजली पार्किंगच्या बूथमध्ये बसू लागला. आई पंधरा दिवस त्याच्याकडं आणि पंधरा दिवस माझ्याकडं राहते, आणि इकडच्या बातम्या तिकडं नेते. चार महिन्यांपूर्वी ती मला म्हणाली, "दोन ते चार गाड्याच नसतात म्हणे. तेव्हा तो मोबाईलवर पत्ते कुटत बसतो. तू पण तेच करतोस. दोघं एकाच घरचे, वेगवेगळे बसून खेळता. शहाणेच आहात."

मी शोधायला लागलो. आमच्या ॲपवर सगळ्यात स्वस्त टेबलं शंभरेक असतात. तिथं एका दुपारची हारजीत म्हणजे एक कप चहा. तिसऱ्या दिवशी मला 'खड्डा' नावाचा खेळाडू दिसला. लिफ्टच्या बोगद्याच्या तळाला खड्डा असतो, दादाचं निम्मं आयुष्य त्यात ग्रीस पुसण्यात गेलं. हा खड्डा कायम सातच्या पटीत लावायचा, वॉशर लावायचा तसाच. आणि मधूनच त्याच्या पाळीचे वीस सेकंद संपून जायचे, कारण गाडी आलेली असायची. मी त्याच्यासमोर बसलो. माझं नाव 'अडाणी४४'. यात मला ओळखण्यासारखं काही नव्हतं.

चार महिने मी रोज दुपारी भावासमोर बसलो. त्यानं चांगला डाव खेळला की मला आनंद व्हायचा. कुणी फालतू माणूस दुर्रीवर त्याचा डाव मारून गेला की माझं डोकं फिरायचं. एकदा तर मी अशा एका माणसाला दोन दिवस शोधून हरवलं. सहा वर्षांत दादाच्या एवढ्या जवळ मी कधी बसलो नव्हतो. बोलायला बाजूला चौकट होती. मी तिच्यात कधी काही लिहिलं नाही, त्यानंही नाही.

मग गेल्या बुधवारी पत्र आलं. दादानं परवान्यासाठी अर्ज केला होता. असा अर्ज आयुष्यात एकदाच करता येतो, आणि त्या वेळच्या साक्षीदारांचं म्हणणं पुन्हा घेतात. माझ्यासाठी एक पानाचा फॉर्म होता. 'पूर्वीच्या जबाबात बदल करायचा आहे काय?' पुढं दोन चौकोन, हो आणि नाही. खाली सहीची जागा. सोमवारी दुपारी बाराच्या आत.

'नाही'वर खूण केली तर दादाचा अर्ज तिथंच संपला. 'हो'वर केली तर माझा परवाना जाणार, नोकरी जाणार, आणि बायकोला, आईला, सगळ्यांना कळणार की मी सहा वर्षं काय गिळून बसलो होतो. बुधवार गेला, गुरुवार गेला. फॉर्म माझ्या डब्याच्या पिशवीत होता. बायकोनं विचारलं, "अन्न का परत येतंय?" मी म्हणालो, पोट बरं नाही.

शुक्रवारी माझं महिन्याचं काम नेमकं त्याच इमारतीत होतं. हो, तीच इमारत. तिथली देखभाल अजून आमच्याचकडं आहे. मावशीही अजून तिथंच आहेत. त्या लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाहीत. बादली एक पायरी वर ठेवायची, मग उजवा पाय, मग डावा पाय आडवा करून ओढून घ्यायचा, अशा सहा मजले चढतात. मला पाहिलं की थांबतात.

"आलात मिस्त्री? चहा झाला का?"

"झाला मावशी."

"भाऊ कसे आहेत तुमचे?"

"बरे आहेत."

"त्यांना सांगा, माझा राग नाही. माणसाकडून होतं," मावशी म्हणाल्या. हे त्या मला दर दोन-तीन महिन्यांनी सांगतात. मी दर वेळी "सांगतो" म्हणतो.

अडीच वाजता मी मशीनरूममध्ये डबा न उघडता बसलो आणि मोबाईल काढला. खड्डा टेबलावर होता. तेव्हा माझ्या डोक्यात जे आलं ते फक्त आमच्या घरच्या माणसाच्याच डोक्यात येऊ शकतं. मी ठरवलं, आज दादाला रिव्हरवर थाप मारायची. चिल्लरच्या टेबलावर कुणी पानं टाकत नाही, पण दादा टाकतो, कारण दादा ऐकतो. त्यानं टाकली, तर त्याचा अर्थ माझं खोटं त्याला अजून ओळखता येत नाही. म्हणजे तेव्हाही आलं नव्हतं. मग 'नाही'वर खूण करायची आणि मोकळं व्हायचं. त्यानं थाप पकडली तर 'हो'. भावाच्या परवान्याचा आणि माझ्या नोकरीचा निकाल मी पत्त्यांवर सोपवला, आणि वर मला ते न्यायाचं वाटलं.

चाळीसेक मिनिटं तसा डावच आला नाही. मग मला इस्पिकची दश्शी आणि नव्वी मिळाली. दादानं सात लावले, मी तेवढेच लावून बघितले, बाकीच्यांनी पानं टाकली. मध्ये तीन पानं उलटली: बदाम राणी, बदाम चौकी, इस्पिक गुलाम. अठ्ठी किंवा राजा आला असता तर माझी पाचांची ओळ लागत होती. दादानं चौदा लावले. मी बघितले. चौथं पान किलवर दुर्री, कुणाच्या कामाची नाही. दादानं पस्तीस लावले. मी पुन्हा बघितले.

रिव्हर आला बदाम छक्की.

माझी ओळ लागली नाही. हात पार रिकामा, दाखवून जिंकायला साधी जोडीसुद्धा नाही. पण मध्ये आता तीन बदाम होते, हातात आणखी दोन असले की पाच बदाम होतात आणि तो हात ओळीलाही मारतो, आणि आतापर्यंत मी अगदी तसाच खेळलो होतो जसा हातात दोन बदाम धरून तिसऱ्याची वाट बघणारा माणूस खेळतो. गोष्ट पहिल्या पानापासून एकच होती. समोर ऐकणारा होता. दादानं शिकवलेलं सगळं जुळून आलं होतं. रिव्हरवर खोटं बोलावं तर ते अशाच वेळी.

दादानं काही लावलं नाही. पाळी माझ्याकडं आली. मी होतं नव्हतं ते सगळं लावलं.

त्याचं घड्याळ सुरू झालं. वीस, एकोणीस, अठरा. गाडी आली असेल का? हात लागून पानं टाकली गेली तर ती धरायची का? असले विचार मला येत होते. नऊ, आठ. तीन उरले असताना दादानं पानं टाकली.

मी भिंतीला टेकलो. सुटलो असं मनात म्हणालोही. पिशवीतून फॉर्म काढला, मांडीवर ठेवला, पेनचं टोपण उघडलं.

आमच्या ॲपवर टाकलेली पानंसुद्धा मागाहून दाखवता येतात. कुणी दाखवत नाही, हरलेली पानं दाखवून करायचंय काय? खड्ड्यानं दाखवली. आधी एक उलटलं, मग दुसरं. बदाम एक्का. बदाम राजा.

ज्या बदामांची मी बतावणी करत होतो ते दादाच्या हातात होते, आणि त्यातही सगळ्यात मोठे. त्या डावात त्याला हरवू शकेल असा एकही हात शक्य नव्हता. दगडालाही कळलं असतं की अशी पानं टाकायची नसतात. टेबलावरच्या कुणीतरी लगेच लिहिलं, 'झोपलास का रे?' मग बाजूच्या चौकटीत खड्ड्याच्या नावापुढं एक शब्द आला.

'मोजल्यास?'

मी पॅनेलकडं पाहिलं. हे तेच पॅनेल, आणि दादा सहा वर्षांपूर्वी इथंच उभा होता. मला तेव्हा कळलं की त्याला संशय कधीच नव्हता. पहिल्या सकाळपासून खात्री होती. चौकशीच्या खोलीतही त्याच्या हातात एक्का-राजा होता आणि त्यानं ती पानं टाकली होती. माझी थाप कधी चाललीच नव्हती.

पुढचे डाव वाटले जात होते, माझी पाळी येऊन जात होती. मग लिहिलं.

'तीन.'

खड्डा टेबलावरून उठला.

त्या रात्री मी बायकोला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिनं एवढंच विचारलं, "मी घर बघायची घाई केली म्हणून का रे?" मी नाही म्हणालो, तुझा काही संबंध नाही. तरी ती रडली. सोमवारी साडेदहाला मी फॉर्म दिला. खिडकीतल्या कारकुनानं खूण वाचली, चष्म्यावरून मला पाहिलं आणि विचारलं, "याचा अर्थ माहीत आहे ना तुम्हाला?" मी माहीत आहे म्हणालो. त्यानं पोच दिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

तिथून मी पार्किंगला गेलो. काचेच्या बूथमध्ये दादा बसला होता. केस पार पांढरे झाले होते. आईनं हे सांगितलं नव्हतं.

"फॉर्म दिला," मी म्हणालो.

"थांब. गाडी येतेय."

त्यानं गाडीला चिठ्ठी दिली, दांडा वर केला, खाली आणला. मग बाजूचं दार आतून उघडलं. आत एकच खुर्ची होती, मी उलट्या बादलीवर बसलो.

"अडाणी मी आहे हे कधी कळलं तुला?"

"पहिल्याच आठवड्यात. हात चांगला असला की तू वेळ काढतोस. थाप मारताना थांबतच नाहीस. लहानपणापासूनची खोड आहे तुझी, मी मुद्दामच सांगितली नव्हती. नाहीतर मी जिंकलो कसा असतो तुझ्याशी?" दादा हसल्यासारखं करून थांबला. "गेटपाशी मी विचारलं, तू लगेच चार म्हणालास. खरोखर मोजणारा माणूस पाऊचकडं बघतो. मी तेव्हाच तुला परत वर पाठवायला हवं होतं. सही माझी आहे. तेवढं माझंच."

"आणि पट्टी?"

"पांढरी होती. मी सोलून काढली."

मला पुढं विचारवत नव्हतं, पण विचारलं. "का?"

"तुला परवाना मिळून दोनच महिने झाले होते. घरी बाळ येणार होतं." तो काचेतून बाहेर बघत राहिला. "मला वाटलं, आठ दिवसांत येशील. येऊन सांगशील, मग दोघं मिळून काय ते बघू. मग म्हटलं, बाळ झाल्यावर येईल. मग मी वाट बघायचं सोडून दिलं. राग परवान्याचा नव्हता रे."

मी त्याचे पाय धरायला वाकलो तर बादली घसरली आणि मी बूथच्या दारात पडलो. "सांभाळ," दादा म्हणाला, "इथं अपघात झाला तर हीसुद्धा नोकरी जायची." त्यानं मला दंडाला धरून उठवलं आणि धरलेला हात बराच वेळ सोडला नाही. मी रडत होतो. मागं एका गाडीनं हॉर्न दिला.

गाडी गेल्यावर तो म्हणाला, "पट्टीचं लिहिलंस का?"

"नाही. तुझ्यावर आलं असतं."

"मी लिहिणार आहे."

"मग परवाना देतील तुला?"

"देतील, नाही देतील. ते त्यांचं ते बघतील." त्यानं चिठ्ठ्यांचा गठ्ठा नीट केला. "मावशींना सांगितलंस?"

मी मान हलवून नाही म्हणालो.

"मग इथं काय करतोयस?"

मी त्या इमारतीत गेलो तेव्हा दोन वाजत आले होते. लिफ्ट तळमजल्यावर उभी होती, दार उघडं. मी जिन्यानं निघालो. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये मावशी दिसल्या. बादली वरच्या पायरीवर, हात कठड्यावर, दम खात उभ्या होत्या.

"मिस्त्री, तुम्ही आणि जिन्यानं?" त्या म्हणाल्या. "लिफ्ट बिघडली का?"

"नाही मावशी."

"मग?"

मी त्यांची बादली उचलून बाजूला ठेवली आणि दोन पायऱ्या खाली बसलो, म्हणजे त्यांना बसता यावं. त्या बसल्या, डावा पाय हातानं उचलून सरळ केला. मी त्या घोट्याकडं पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. माझ्या तोंडी उत्तर लगेच आलं नाही, आणि मी त्याला घाई केली नाही.

मग सांगितलं.